मनीच्या घरात मोत्या : खर्च किती आणि कशावर

दत्तक कुत्रा फुकट मिळतो. संस्थेची मंडळी ‘पैसे नकोत, फक्त नीट सांभाळा’ म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात. पण घरात आधीपासून मांजर असेल, तर पहिल्या महिन्यातला बराचसा खर्च कुत्र्याच्या नव्हे, मांजराच्या नावावर टाकावा लागतो, हे सहसा कोणी सांगत नाही. लोक नेमकं उलटं करतात. मोत्याला गादी, मोत्याला स्टीलच्या भांड्यांचा स्टँड, मोत्याला रेनकोट. आणि मनीला काय, तर ‘तिला होईल सवय’. ही सवय होते की नाही, ते बहुतेक घरांत एकाच गोष्टीवर ठरतं : कुत्रा समोर आला तर मांजराला निघून जायला वाट आहे का? पैसे त्या वाटेवर घाला. बाकीचं बरंचसं घरातलं जुनं चालतं, किंवा लागतच नाही.

पुढचे आकडे पुणे, मुंबई, ठाण्यातल्या मध्यमवर्गीय वस्त्यांचा ढोबळ अंदाज म्हणून धरावेत. तालुक्याच्या गावी ते उतरतील, बांद्र्यात चढतील. दवाखान्यात पाऊल टाकण्याआधी फोन करून भाव विचारायला लाजू नये. डॉक्टरांना त्यात वावगं वाटत नाही.

सगळ्यात मोठी बचत कुत्रा घरी येण्याआधी होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. संस्थेकडे किंवा ज्यांच्या घरी तो तात्पुरता राहतोय त्यांच्याकडे जाऊन विचारा : मांजर दिसलं की हा काय करतो? भुंकतो, शेपटी हलवतो, वास घेतो आणि चिकनचा तुकडा दाखवला की तुमच्याकडे वळतो, तर काम होण्यासारखं आहे. पण मांजराकडे, खारीकडे, कोंबडीकडे एकटक बघत अंग ताठ करून उभा राहतो, हाक मारली तरी कान हलत नाही, तर तो कितीही गोड असला तरी तुमच्या घरासाठी नाही. ही शिकारीची नजर आहे. प्रशिक्षकाला वीस हजार मोजूनही ती पूर्ण जाईल याची खात्री कोणी देत नाही. आधी मांजरांच्या घरात राहिलेला, वर्ष-दोन वर्षांचा, थोडा आळशी देशी कुत्रा मिळाला तर सोनं समजा. पिल्लू गोंडस दिसतं म्हणून घ्यायचा मोह होतो, पण बारा वर्षांच्या मनीच्या अंगावर तीन महिन्यांचं पिल्लू सोडणं हा तिचा छळ आहे. त्याला खेळायचं असतं, तिला झोपायचं असतं, आणि नको म्हणलेलं कळायचं पिल्लाचं वय नसतं.

उलट मनी स्वतः सहा महिन्यांच्या आतली असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही प्राणी लहान वयात एकत्र आले असतील, आणि मांजर आधी घरात असेल, तर जास्त जमतं असं दिसलं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने २०१८ मध्ये याच विषयावर केलेल्या पाहणीतून निघालेली गोष्ट मला खर्चाच्या दृष्टीने अधिक कामाची वाटते : दोघांचं नातं कसं राहील हे कुत्र्यापेक्षा मांजर किती निर्धास्त आहे यावर जास्त अवलंबून असतं. म्हणजे मांजराला निर्धास्त करणारा रुपया आधी खर्च करायचा.

आता दवाखाना. कुत्रा थेट घरी न आणता वाटेत दवाखान्यात नेऊन आणा. तपासणी ३०० ते ८०० रुपये, रेबीजची लस २०० ते ५००, सात किंवा नऊ रोगांवरची एकत्रित लस ६०० ते १२०० रुपये एका डोसची. आधीच्या लसींचा पत्ता नसेल तर हिचे दोन डोस साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. जंताचं औषध शंभराच्या आसपास. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपर नाममात्र रकमेत निघतो, आणि मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय धर्मादाय असल्यामुळे खासगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. तिथे रांग असते, अर्धा दिवस मोकळा ठेवावा लागतो.

त्याच आठवड्यात मनीचं कार्डही काढून बघा. घरातच असते म्हणून तिची लस चुकलेली असते, हे नेहमीचं चित्र. कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूचे नवे प्रकार मांजरालाही बाधू शकतात. मांजराची तिहेरी लस साधारण ८०० ते १५०० रुपयांना मिळते, सोबत रेबीजची. दोघांची नसबंदी झालेली नसेल तर तो खर्च वेगळा मांडा : खासगीत मांजराची तीन हजारांच्या पुढे, कुत्र्याची पाच ते पंधरा हजार. कुत्रा संस्थेकडून घेत असाल तर नसबंदी करून द्याल का, हे आधीच विचारा. अनेक संस्था करून देतात.

गोचिडाच्या औषधावर इथे जरा थांबायला हवं, कारण या एका वस्तूवर घासाघीस केल्याने मांजरं मेली आहेत. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. अंग थरथरणं, झटके आणि मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. मोत्याच्या पाठीवर ओलं औषध असताना मनी त्याला घासून गेली, किंवा त्याच्या गादीवर जाऊन झोपली, तरी पुरे. आंघोळीच्या पाण्यात मिसळायचं स्वस्त अमिट्राझही मांजराच्या घरात नको. दुकानदार ‘सगळ्यांना चालतं’ म्हणेल. तुम्ही पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. डॉक्टरांना सांगा की घरात मांजर आहे, आणि कुत्र्याला गोळी लिहून घ्या. गोळी औषधाप्रमाणे आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत जाते, महागडी काही महिने पुरते. इथे हात आखडू नका.

फरशीचंही तेच. नवा कुत्रा पहिल्या आठवड्यात कुठेतरी शू करणारच आणि घरातली बाई किंवा मावशी सवयीने फिनाईल ओतणार. फिनॉल आणि पाइनचं तेल मांजराला बाधतं : ओल्या फरशीवरून चालून ती पाय चाटते. शिवाय त्या उग्र वासाने कुत्र्याचा वास जातही नाही, नुसता झाकला जातो. डिटर्जंटचं पाणी, नंतर साधं पाणी आणि कोरडं फडकं, एवढं बस्स. वास राहिलाच तर एन्झाइमचं क्लीनर ४०० ते ७०० रुपयांना मिळतं.

आता वाट बांधण्याचा खर्च. यात तीन कामं आहेत : एक दार, काही फळ्या आणि बाल्कनीची जाळी.

दार म्हणजे असं, की ज्यातून दोघं एकमेकांना बघतील पण पोचणार नाहीत. लहान मुलांसाठीचं तयार गेट दोन ते चार हजारांना येतं, पण ते जेमतेम अडीच फूट उंच असतं. देशी कुत्रा ते धावत न येता, जागच्या जागी उडी मारून ओलांडतो. पैसे वाया. त्यापेक्षा सुताराकडून बेडरूमच्या दाराच्या मापाची लाकडी चौकट करून तिच्यावर वेल्डमेशची जाळी ठोकून घ्या आणि ती चौकटीला दोन बिजागऱ्यांनी लावा. मजुरीसकट दीड ते अडीच हजारांत होतं आणि वर्षभराने काढून माळ्यावर टाकता येतं. जाळीचं भोक बोटभर असावं, म्हणजे पंजा आरपार जाणार नाही. मच्छरांची नायलॉन जाळी नको. मनीच्या नखांपुढे ती दोन दिवस टिकत नाही. घर भाड्याचं असेल आणि मालक खिळा ठोकू देत नसेल, तर दोन गेट एकावर एक दाबून बसवणं हाच उपाय उरतो.

फळ्या म्हणजे मनीचा उड्डाणपूल. तिला जमिनीला पाय न लावता दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे किंवा बेडरूमकडे जाता आलं पाहिजे. आधी फुकटचं करून घ्या : कपाटावरच्या सूटकेसी माळ्यावर टाका, फ्रिजवरचे डबे हलवा, वर जुनी गोधडी पसरा, कपाटाशेजारी एक टेबल आणा. बहुतेक दोन खोल्यांच्या घरांत एवढ्याने अर्धा रस्ता तयार होतो. मधली तूट भरायला फूटभर रुंदीच्या, दोन-अडीच फूट लांबीच्या प्लायच्या फळ्या भिंतीत ब्रॅकेटवर बसवा. तयार फळी पाचशे ते नऊशेची, सुताराचा दिवस हजार ते दीड हजारांचा. फळी गुळगुळीत सनमायकाची नको, पाय सरकतो. वर जुन्या पायपुसण्याचा तुकडा चिकटवा. एक पथ्य मात्र पाळा : वाट कुठेही बंद होता कामा नये. वर चढायला एक जागा आणि उतरायलाही तीच, तर मोत्या खाली बसून राहील आणि मनी वर अडकेल. दुकानातली चार-आठ हजारांची मांजराची झाडं या कामाला तोकडी पडतात. ती एका कोपऱ्यात उभी असतात, त्यांच्यावरून कुठे जाता येत नाही.

बाल्कनीची जाळी हा खर्च अनेकांना अवांतर वाटतो. मनी पाच वर्षं कठड्यावर बसते, कधी पडली नाही, असं ते सांगतात. खरं आहे, पण त्या पाच वर्षांत तिच्यामागे कुत्रा धावलेला नसतो. घाबरलेलं मांजर खिडकी दिसेल तिकडे जातं. पारव्यांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पंधरा ते पंचवीस रुपये चौरस फुटाने मिळते आणि नेहमीची बाल्कनी दीड-दोन हजारांत होते. जाळीवाल्याला ‘मांजर आहे’ असं सांगून जाड दोरा घ्या. पातळ दोरा मांजर दाताने तोडतं.

वाळूच्या ट्रेचं काम छोटं आहे, पण भांडणाचं मूळ तिथेच असतं. कुत्र्याला मांजराची विष्ठा हा खाऊ वाटतो, आणि ट्रेमध्ये बसलेली मनी कोंडीत सापडते. एक ट्रे जाळीच्या दाराच्या आत, दुसरा मोत्या पोचणार नाही अशा उंचीवर किंवा बाथरूममध्ये. दुसऱ्या ट्रेला वेगळा खर्च नको, प्लास्टिकचं पसरट घमेलं चालतं. गुठळ्या होणारी वाळू असेल तर कुत्र्याला ती खाऊ देऊ नका. पोटात जाऊन फुगते. बांधकामाची चाळलेली रेती वापरणाऱ्या घरांनी ती चालू ठेवावी. अशा वेळी मांजराची वाळू बदलू नये. मनीचं खाणंही उंचावर न्या. मोत्याने तिचं खाल्लं तर महिन्याला काहीशे रुपयांचा फटका. तिने त्याचं खाल्लं तर तोटा वेगळा आहे, कारण मांजराला लागणारं टॉरिन कुत्र्याच्या खाण्यात पुरेसं असेलच असं नाही.

एवढी तयारी झाली की मग ओळख. हिला खर्च चिकनचा आणि वेळेचा. पहिले तीन-चार दिवस दोघांनी एकमेकांना बघायचंच नाही. मोत्याच्या अंगाला पुसलेलं फडकं मनीच्या ताटलीपासून दूर ठेवा, मनीच्या गोधडीचा तुकडा मोत्याला हुंगायला द्या. ती फडक्याकडे बघून फिसकारली तर फडकं आणखी लांब. ती त्याच्या शेजारी बसून जेवली की पुढची पायरी.

मग जाळीच्या दोन्ही बाजूंना जेवण. इथे फरशी कामाला येते. हल्ली बहुतेक फ्लॅटमध्ये दोन फुटी टाइल्स असतात. मनीची ताटली जाळीपासून चार टाइल दूर, मोत्या पलीकडे तेवढाच दूर आणि पट्ट्याने बांधलेला. चिकन बिनमिठाचं उकडलेलं, फोडणी नाही, कारण कांदा-लसूण दोघांनाही घातक. अडीचशे ग्रॅम बोनलेस शंभराच्या आसपास येतं आणि बारीक तुकडे केले तर दोन दिवस पुरतं. मनीला चिकनचं अप्रूप नसेल तर चिमूटभर सुका जवळा, दोन पाण्यांतून मीठ धुऊन. बघायचं काय? मनी खाताना डोकं खाली घालते का, की मान वर करून एका डोळ्याने जाळीकडे बघत घास उचलते. डोकं खाली गेलं, कान पुढे राहिले, तर उद्या अर्धी टाइल पुढे. कान मागे चिकटले, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली, ताटली सोडून ती गेली, तर एक टाइल मागे. मोत्याच्या बाजूला काम वेगळं आहे. तो मनीकडे बघतो त्याचं बक्षीस नाही. बघून नजर वळवतो, त्या क्षणी तुकडा तोंडात. शेपटी हलतेय म्हणून तो खूश आहे, असं मनीला वाटत नाही हेही लक्षात ठेवा. मांजराची जोरात हलणारी शेपटी म्हणजे राग.

जाळीशी दोघं शांत जेवू लागले की एका खोलीत, कुत्रा पट्ट्यावर, पाच-सात मिनिटं. कापडी पट्टा आणि छातीचा हार्नेस मिळून सातशे ते दीड हजार. साखळी नको, तिच्या आवाजाने मनी उडते. आधी मोत्याला तासभर चालवून दमवून आणा. मनीला कडेवर घेऊन ‘ही बघ ताई’ करत मोत्याच्या तोंडाशी नेणं हा आपल्याकडचा लाडका प्रकार आहे, आणि ओरखड्यांचं पहिलं कारणही तोच. तिला स्वतः येऊ द्या. ती न येता वरच्या फळीवर बसून बघत राहिली, तरी ते चांगलंच. रात्री आणि तुम्ही घरात नसताना दोघं वेगळे, आणि हे महिना-दोन महिने चालवायची तयारी हवी. काही घरांत पंधरा दिवसांत जमतं, काहींत सहा महिने लागतात. या काळात सगळ्यांत महाग पडते ती रजा. घरून काम करणारं कोणी असेल तेव्हाच कुत्रा आणावा. दिवाळीच्या फटाक्यांत तर नकोच.

ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत आहे. हळद लावून घरी बसू नये.

न घेण्याच्या वस्तू आता. प्लगमध्ये लावायचं, प्राण्याला शांत करणाऱ्या गंधाचं म्हणजे फेरोमोनचं यंत्र रिफिलसह हजारोंच्या घरात जातं. लिंकन विद्यापीठातच २०२० मध्ये अशा दोन यंत्रांची तुलना झाली; दोन्ही गटांतल्या मालकांनी पाठलाग कमी झाल्याचं सांगितलं, पण काहीच औषध नसलेलं यंत्र लावलेला तिसरा गट त्यात नव्हता. पैसे उरले तर घ्या, फळ्यांच्या बदली नको. पाण्याचा फवारा, शॉक देणारा पट्टा, ‘सुपर शांत’ लिहिलेल्या गोळ्या : काहीच नको. मोत्याला मनी दिसली की शिक्षा होते असं कळलं, तर तो राग तिच्यावरच काढतो. प्रशिक्षक मात्र अडल्यास बोलवा, एका भेटीचे हजार ते तीन हजार. मांजरासोबत काम केलंय का, हे आधी विचारा. बारा भेटींचं पॅकेज पहिल्याच फोनवर विकणाऱ्याला नमस्कार करा.

उरलेल्या बजेटातून दहा-पंधरा हजार बाजूला ठेवा, ते मनीच्या आजारपणासाठी. भेदरलेलं मांजर लपून बसतं आणि खाणं सोडतं. एक दिवस पूर्ण उपाशी राहिली तर डॉक्टरांना फोन, दुसरा दिवस उजाडू देऊ नका. गुबगुबीत मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि उपचार लांबतो. बोका असेल तर त्याच्या वाळूवर लक्ष ठेवा. ताणाने मूत्राशयाला सूज येते, नळी तुंबते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कण्हतो, वाळू कोरडीच राहते. लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधतात. हा तासांचा मामला आहे, एक-दोन दिवसांत जीव जातो. नळी घालणं, सलाइन, रक्ततपासण्या, दोन-तीन दिवसांचं ॲडमिशन मिळून खासगीत दहा ते पंचवीस हजार होतात. जाळीचं दार, फळ्या आणि बाल्कनी धरून केलेला खर्च याहून कमीच असतो.

एकूण हिशेब : मोत्याचा दवाखाना साडेतीन-चार हजार, मनीचा दीड-दोन, जाळीचं दार दोन, फळ्या दीड-दोन, बाल्कनी दोन, पट्टा-हार्नेस हजार, वाळू-चिकन-किरकोळ हजार. बारा ते पंधरा हजारांत काम नीट होतं. नसबंदी आणि महिन्याचं खाणं याच्या बाहेर. लिफ्टमधून कुत्रा नेतो म्हणून सोसायटीने जादा पैसे मागितले तर देऊ नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत ते बसत नाही.

आणि दत्तकपत्रावर सही करण्याआधी एक ओळ लिहून घ्या : दोन-तीन महिन्यांत मांजराशी जमलं नाही तर संस्था कुत्रा परत घेईल, आणि दुसरं घर मिळेपर्यंत त्याच्या राहण्याचा खर्च कोण करेल. बोर्डिंगचा दर दिवसाला पाचशे ते हजार असतो, महिनाभराचे तीस हजारही होतात. तोंडी ‘बघू’ म्हणणाऱ्या संस्थेकडून कुत्रा घेऊ नका.